अळणी

टोरांटो शहरातील ट्रिनिटी बेलवुड्स उद्यानात २००९ सालच्या ऑक्टोबरमधील एका दुपारी हजारो प्रेते गोळा झाली होती. गळून पडलेल्या पानांवर फतकल मारून माणसे एकमेकांच्या गालांवर जखमा रंगवीत होती. कुणी मेलेला डॉक्टर झाला होता, कुणी मेलेली नववधू. एका बापाने बाबागाडीतल्या तान्ह्याच्या टोपड्यावरही लाल शिंतोडे उडवले होते. २००३ साली मोजक्या हौशी मंडळींनी सुरू केलेली झॉम्बींची ही मिरवणूक सहा वर्षांत एवढी वाढली होती. तिच्यात एक मराठी छायाचित्रकार गळ्यात दोन कॅमेरे अडकवून वावरत होता. त्याचे वय पन्नाशीकडे झुकलेले होते आणि या देशात येऊन त्याला वीस वर्षे लोटली होती.

त्याचे काम सोपे होते. निदान तसे वाटत होते. कॅमेरा उचलला की समोरचे प्रेत मान वाकडी करी, डोळे फिरवी, हात पुढे पसरी. छायाचित्र काढून घ्यायला एवढी उत्सुक माणसे त्याला कधी भेटली नव्हती. पण काढलेली छायाचित्रे पाहताना तो खट्टू झाला. प्रकाश भरपूर, शटरचा वेग मोठा, रंगाचा थेंब न् थेंब स्पष्ट. आणि त्यामुळेच प्रत्येक चित्रात उरला होता तो केवळ रंग फासलेला माणूस. झॉम्बी त्याच्या जखमेत नसतो, चालण्यात असतो. आणि स्थिर चित्र नेमके तेच काढून घेते. मग त्याने शटर एक पंधरांश सेकंदावर आणले आणि मिरवणुकीपुढे उलट्या पावलांनी चालू लागला. चेहरे पुसट झाले, पाय लांबले, आणि पडद्यावर प्रथमच काहीतरी फरफटत येताना दिसले.

या सोंगाला आजचे रूप दिले ते जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या कृष्णधवल चित्रपटाने. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा तो चित्रपट पेनसिल्व्हेनियात अल्प खर्चात तयार झाला. रोमेरो यांनी पुढे टोरांटोतच घर केले आणि २०१७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्या चित्रपटातले रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता. काळ्या-पांढऱ्या चित्रफितीवर तो रक्तासारखा दिसे. उद्यानातले रक्तही पाकाचेच होते, मक्याच्या साखरेचे आणि लाल रंगाचे. मुले ओठांवर ओघळलेले रक्त जिभेने चाटत होती. त्या गोडव्याचा वास नाकात शिरताच छायाचित्रकाराला आपल्या गावचा साखर कारखाना आठवला.

साखरेचा आणि झॉम्बीचा संबंध मात्र त्या पाकाहून जुना आहे. मिरवणुकीची तयारी म्हणून ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांत त्याने तो वाचला होता. हैती बेट-भागात फ्रेंचांची वसाहत होती तेव्हा आफ्रिकेतून धरून आणलेले लाखो गुलाम तेथे उसाच्या मळ्यांत राबत आणि मरत. मृत्यूनंतर आत्मा पूर्वजांच्या गिनीला परत जातो, एवढीच त्यांची आशा होती. झॉम्बी म्हणजे ज्याला ती वाटही नाकारली गेली, मेल्यावरही ज्याच्याकडून मळ्यावर काम करून घेतले जाते, तो. १७९१ साली गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला, तरी हे भय लोकांच्या मनातून गेले नाही. तेथील माणूस झॉम्बी आपल्याला खाईल म्हणून भीत नाही; आपणच झॉम्बी होऊ म्हणून भितो.

या झॉम्बीला अन्न अळणी द्यावे लागते. मिठाचा कण जिभेला लागला की त्याला शुद्ध येते. मराठीत मिठाला जागणे म्हणजे ज्याचे खाल्ले त्याच्याशी इमान राखणे. हैतीत मिठाने जागणे म्हणजे धन्याकडे पाठ फिरवणे. विल्यम सीब्रुक या अमेरिकी प्रवाशाने १९२९ सालच्या ‘द मॅजिक आयलंड’ या पुस्तकात ऐकीव म्हणून एक कथा दिली आहे. अमेरिकेच्या अंमलात, १९१८ साली, साखर कंपनीच्या उसात एक मुकादम मेलेल्यांची टोळी घेऊन आला. एके दिवशी त्याच्या बायकोला त्यांची कीव आली आणि तिने त्यांना मिठाई दिली. तिच्यातले दाणे खारवलेले होते. ते चाखताच आपण मेलो आहोत हे त्यांना कळले. एका ओळीत ती टोळी आपल्या गावाकडे, आपल्या थडग्यांकडे चालू लागली.

मुकादम, टोळी, ऊस हे शब्द या छायाचित्रकाराला परके नव्हते. गळीत हंगाम लागला की बीडकडून बैलगाड्या येत, शिवारात कोप्या उभ्या राहत. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवराबायको कोयता चालवीत. १९८३ सालच्या हंगामात, तेविसाव्या वर्षी, नवा कॅमेरा घेऊन तो पहाटे फडात गेला होता. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई समोरून येत होती. त्याला पाहताच तिने मोकळ्या हाताने पदर तोंडावर ओढला. हात मोळीला, हात पदराला. तिला दुसरे काही करता येणे शक्यच नव्हते. त्याने बटण दाबले. त्या छायाचित्राला एका स्पर्धेत बक्षीस मिळाले. परीक्षकांना झाकलेल्या चेहऱ्यातली ‘गूढता’ फार आवडली होती.

ग्रंथालयातल्या दुसऱ्या पुस्तकाने त्याची झोप उडाली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कादंबरीकार आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक झोरा नील हर्स्टन १९३६ साली हैतीत होत्या. गोनाईव्ह येथील रुग्णालयात त्यांना एक बाई दाखवण्यात आली. अनेक वर्षांपूर्वी मेलेली आणि परत आलेली, असे तिच्याविषयी सांगत. ती भिंतीशी अंग चोरून, डोक्यावर फडके ओढून उभी होती. डॉक्टरांनी ते बळाने दूर केले, तिला धरून ठेवले आणि हर्स्टन यांनी छायाचित्र घेतले. हे सारे त्यांनी स्वतःच १९३८ सालच्या ‘टेल माय हॉर्स’मध्ये लिहिले आहे. पुढे हैतीचेच मनोविकारतज्ज्ञ लुई मार्स यांनी १९४५ साली दाखवून दिले, की ती बाई मेलेली वगैरे नव्हती, मनाने आजारी होती. झॉम्बीचे म्हणून गाजलेले ते छायाचित्र एका जिवंत बाईचे होते, आणि ते काढले जाऊ नये एवढेच तिने सांगितले होते.

मिरवणूक संपत आली तेव्हा उन्हे उतरली होती. पदपथाच्या कडेला एक मुलगी एकटीच बसली होती. अर्धा चेहरा कुजलेला, अर्धा घामाने धुऊन निघालेला. मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. ती निवांत खात होती आणि खाताना झॉम्बी असल्याचे पूर्ण विसरली होती. दिवसभर शोधलेले चित्र ते हेच, हे त्याला तत्काळ उमगले. कॅमेरा डोळ्याला लागला. मुलीने मान वर केली आणि तळहात समोर धरला. तिला राग आला नव्हता. नुसते ‘आत्ता नको’, एवढेच तिचे म्हणणे होते.

त्याने कॅमेरा खाली घेतला. काहीच घडले नाही. मुलीने मान हलवून आभार मानले आणि ती पुन्हा दाणे खाऊ लागली.

त्या रात्री त्याने मिरवणुकीची चित्रे संगणकावर उतरवली नाहीत. कपाटाच्या तळातून जुने पाकीट काढले. छायाचित्राच्या मागे स्पर्धेचा शिक्का होता, वर्ष होते, गावाचे नाव होते, त्याचे स्वतःचे नाव होते. बाईचे नाव नव्हते. ते त्याने विचारलेच नव्हते. बराच वेळ तो पाठकोऱ्या भागाकडे पाहत बसला. मग पेन्सिल घेऊन शिक्क्याखाली त्याने एक ओळ लिहिली : ‘हिने नको म्हटले होते.’