रूळ उखडले, गावं रुळावर आली!

रेल्वे गेली की गाव गेलं, असंच आपण ऐकत आलो ना? मग न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागोत जा आणि क्लाइड ते मिडलमार्च सायकल हाणा! जुन्या रेल्वेमार्गावरची दीडशे किलोमीटरची वाट, मोटारींना मज्जाव, आणि चढ किती? मालगाडीला झेपायचा तेवढाच. पर्वती चढताना धापा टाकणारी मी, डोंगराळ मुलखात चक्क गाणी म्हणत पॅडल मारत होते. आता बोला!

पूलबर्नच्या घळीत तर मी खुळावलेच. बोगद्यात मिट्ट काळोख, टॉर्चच्या उजेडाचा गोल पुढं पळतोय, चाकाखाली खडी करकरतेय, आपलीच हाक भिंतीवर आपटून परत येतेय. आणि थोडं पुढं गेलं की पायाखाली 37 मीटर खोल दरी! जिथं गाडी धडधडायची, त्याच पुलावर आता लाकडी फळ्या आणि कठडे.

हे झालं कसं? क्लाइड धरणाची मालवाहतूक संपल्यावर 1990 साली इथली गाडी थांबली. 1993 मध्ये सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्यानं हा पट्टा घेतला, आणि पुढच्याच वर्षी स्थानिकांनी विश्वस्त संस्था काढली. पैसा उभा करायला गावकरी, देखभालीला खातं! सगळे शेतकरी सुरुवातीला खूश नव्हते म्हणे. साहजिकच आहे, कुंपणाला लागून परक्यांची वर्दळ कुणाला हवी? पण 2000 साली पूर्ण वाट खुली झाली, आणि पुढं शेतघरांतही पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या.

वेडरबर्नची हिरवी मालशेड बघाच. चित्रकार ग्रॅहम सिडनी यांनी ती आपल्या चित्रात रंगवली म्हणून गाजली. रेल्वे बंद झाल्यावर ती दुसरीकडे हलवली होती. गावकऱ्यांनी खटपट करून परत जागेवर आणली. मला विचाराल तर असला हट्ट हीच खरी भागीदारी, करारबिरार नंतर.

ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये जा. तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी नसते. टॉर्च आणि वारा अडवणारं जाकीट विसरू नका. वाटेला तिकीट नाही, तेव्हा मुक्काम आणि जेवण गावांतच करा, आणि संस्थेला चार डॉलर जास्तच द्या.