बोजाऱ्याची गोष्ट पुन्हा लिही

वर्धा

प्रिय बाळ्या,

‘कामाचं असेल तेच टाका, बाकी फालतू बडबड बंद करा,’ असं काहून लिहिलंस रे ग्रुपवर? वरून स्वतःची तान्ह्या पोळ्याची आठवणही पुसून टाकलीस. वाईट वाटलं, आणि रागही आला.

लाकडी नंदी ओढत आपण रामनगरात बोजारा मागत फिरलो. कोणी चार आणे दिले, कोणी नुसतं कौतुक करून वाटेला लावलं. आपल्यापैकी दुसऱ्या कोणालाच हे इतकं नेमकं आठवत नाही. पुलगाववाला तर लगेच शकुंतलेवर लिहायला बसला होता. आर्वीला जाणारी ती गाडी पाहिलेली माणसं आता किती उरली, सांग! तुझं फर्मान आलं आणि तोही गप्प झाला.

तुला मोठंच काही लागतं ना? मग आपल्या सेवाग्रामचंच बघ. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा ते शेगावच होतं. व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला फोन आजही आश्रमात दाखवतात. पण देशाचं एवढं राजकारण डोक्यावर असताना तो माणूस कोणाकोणाला पत्रं लिहून विचारायचा, काय खातोस, पोट साफ होतं का, झोप लागते का. ती पत्रं आज त्यांच्या वाङ्मयाच्या खंडांत राजकीय पत्रव्यवहाराच्या मांडीला मांडी लावून बसलीत. आणि टपाल बुलढाण्याकडच्या शेगावला जायला लागलं, म्हणून 1940 साली गावाचं नावच सेवाग्राम केलं. पत्रांपायी गावाचं नाव बदललं बाप्पा, आणि तू बडबड म्हणतोस!

मोठ्या गोष्टी लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत. जमनालाल बजाजांनी 1928 साली लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा आत गेलेली एखादी बाई घरी येऊन लेकरांना काय म्हणाली असेल? मला ते कुठंच वाचायला मिळालं नाही. तिच्या घरच्यांनाही ते फालतूच वाटलं असेल. म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागतो, की लिहा, खाली साल टाका, गावाचं नाव टाका. गोरसपाकाचा पुडा कोण आणायचं, पाटोडीच्या रश्श्यात तुझी आई काय घालायची, तेसुद्धा लिहा. आपण गेल्यावर हे सांगणारं कोणी नाही. तुझ्या नातवाला बोजारा म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?

पण खरी काळजी वेगळीच आहे. वहिनी गेल्यापासून तू रात्री दोन-दोन वाजता ऑनलाइन दिसतोस आणि बोलत मात्र कोणाशीच नाहीस. साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतोस ना? पुण्यात त्या आठव्या मजल्यावर दिवसभर कोणाचा आवाज तरी कानावर पडतो का? पोळ्याची आठवण लिहिलीस तेव्हा मला वाटलं होतं, सुटला एकदाचा. आणि दोन तासांत ती पुसलीस. वाचताना तुलाच रडू आलं का रे? आलं तर येऊ दे. आम्ही काय परके आहोत?

दिवाळीपर्यंत थांबू नकोस, आताच निघून ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. तिकीट काढलं की कळव, स्टेशनवर घ्यायला मी येतो.

तुझा,
अण्णा