हाताखाली आलेली मुलगी

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. हाताखाली नवी मुलगी आली आणि झोप तुझी उडाली, वा! तिकडे तुला मेंटॉर म्हणत असतील, आपल्याकडे साधं 'अमकीच्या हाताखाली तयार झाली' म्हणतात.

मला कमला सोहोनी आठवल्या. अगं, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण! 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. ही हटली नाही. शेवटी वर्षभर पारखून बघू म्हणत, अटी घालून घेतलं. गोष्ट सांगताना सगळे रामनांपाशीच घुटमळतात. तिला घडवलं ते तिथल्या तिच्या गुरूंनी, श्रीनिवासय्यांनी. माणूस कडक. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर तिच्याकडून काम करून घेतलं. पण मला भावतं ते वेगळंच. मोठमोठ्या जीवरसायनशास्त्रज्ञांचं लेखन वाचायला लावलं आणि वर त्यांनाच पत्रं लिही म्हणाले. विद्यार्थिनी आपल्या खोलीत कोंडून ठेवली नाही! पुढे केंब्रिजला डेरेक रिक्टरनी तिला टेबल दिलं. दिवसा तिचे प्रयोग, रात्री त्याच टेबलावर साहेबांची झोप, असं वाचलंय. 1939 मध्ये पीएचडी झाली, प्रबंध जेमतेम 40 पानांचा. (माझा प्रोजेक्ट रिपोर्ट 90 पानांचा होता, त्यात 60 पानं भरताड!)

आणि माझ्या डेअरीच्या लॅबमधल्या बाई आठवतात ना? पहिल्याच आठवड्यात दुधातलं फॅट मोजताना मी ब्युटिरोमीटरच्या नळीत ॲसिडवर दूध भसकन ओतलं. दूध करपलं, आत काळे कण. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. बाईंनी नळी उजेडात धरली, "आता परत कर, कडेकडेने," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या. चौथ्या वेळी जमलं, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. बाई अजून खुर्चीतच. घरी नातवाचा वाढदिवस होता, हे मला दुसऱ्या दिवशी शिपायाकडून कळलं. वर्षभराने पुण्याच्या एका ट्रेनिंगला स्वतःऐवजी माझं नाव पाठवलं. तेव्हा मला राग आला होता, जबाबदारी टाळतायत म्हणून. काय अक्कल!

त्या आता निवृत्त झाल्यात. गेल्या दिवाळीला फोन केला तर पहिला प्रश्न, "काळे कण येतात का गं अजून?"

तुझ्या हाताखालच्या मुलीचं नाव कळव. पहिली चूक काय केली तेही, सविस्तर.

तुझीच,
नंदा