व्याह्यांची रायफल

वडिलार्जित वस्तू टाकावी की दुरुस्त करावी, या प्रश्नाचा निवाडा करण्यास बहुधा घरातील सर्वांत अयोग्य माणसास बसविण्यात येते. विस्कॉन्सिनमध्ये लेकीकडे राहिलो असता हा मान मजकडे आला. वस्तू होती शिकारीची रायफल; आणि आमच्या कुळात तर विळीहून मोठे शस्त्र कोणी हाती धरल्याचे ऐकिवात नाही. जन्म यंत्रशाळेत गेला, एवढीच काय ती माझी पात्रता.

आमचे व्याही निवर्तल्यावर त्यांच्या कपाटातून ‘विंचेस्टर मॉडेल १००’ निघाली. हे मॉडेल १९६१ पासून १९७३ पर्यंत बनत असे. त्या प्रांती थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम असतो, आणि कित्येक घरांत त्या दिवसांची मातब्बरी आपल्या गणपतीइतकी! दूरदूरची मुले त्यासाठी घरी येतात. यंदा आजोबांची रायफल नातवाच्या हाती द्यावी, असे जावयांच्या मनात होते. मुलगा बारा वर्षांचा; शिकाऱ्यांसाठी असलेले सुरक्षिततेचे शिक्षण पुरे करून बसलेला.

अडचण एवढीच की, १९९० साली या मॉडेलच्या रायफली फायरिंग पिन बदलण्यासाठी परत बोलाविण्यात आल्या होत्या. व्याह्यांनी ती बदलून घेतली होती किंवा कसे, याचा एकही कागद घरात सापडेना.

दोष काय, हे थोडक्यात सांगतो. या रायफलीत गोळी सुटताच स्फोटाचा थोडा वायू नळीतील छिद्रातून बाहेर येऊन दट्ट्या मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत सरते आणि बोल्ट फिरून कुलूप बसते. चाप ओढल्यावर पिनेने काडतुसाच्या बुडाशी टोचावे, एवढेच तिचे काम. परंतु ती मोडून तिचे टोक पुढे अडकून राहिले, तर कुलूप बसण्यापूर्वीच नवे काडतूस उडू शकते. .३०८ काडतुसाचा दाब चौरस इंचास सुमारे ६२,००० पौंडांपर्यंत जातो. आणि त्या क्षणी नेमणाऱ्याचा गाल बोल्टापासून वीतभरही दूर नसतो.

जावई म्हणाले, “बाबा, माझ्या वडिलांनी ही तीस वर्षे वापरली. कधी काही झाले नाही.”

मी म्हटले, “म्हणूनच मला अधिक भीती वाटते.” पोलादावर पुनःपुन्हा आघात झाले म्हणजे त्यात केसाहून बारीक चीर पडते व प्रत्येक आघाताने ती पुढे सरकते. मोडण्याच्या आदल्या दिवशीही पिन आपले काम चोख बजावीत असते. तीस वर्षांचा निर्दोष इतिहास तिच्या जमेस धरावयाचा नसून खर्चास टाकावयाचा असतो. जावयांस हे पटले. पण ते पटताच मी स्वतः पेचात सापडलो.

कारण, “ही आता दुरुस्त होण्याजोगी नाही,” एवढे एक वाक्य मी उच्चारले असते, तर रायफल कपाटात गेली असती आणि नातवाचा नेम निदान या वर्षी तरी कोणा जिवावर धरला गेला नसता. जीवहत्या मला पसंत नाही. सुपरमार्केटातील मांसाहून रानातले बरे, हा जावयांचा युक्तिवाद मला निरुत्तर करतो, तरी पसंत नाही. परंतु मजकडे विचारणा झाली होती ती यंत्राविषयी. धर्मबुद्धीचा कौल यंत्रज्ञाच्या सहीने देणे मला लबाडीचे वाटले. शिवाय कपाटात ठेवलेली बंदूक निरुपद्रवी कशी म्हणावी? आज ना उद्या कोणी तरी तीत काडतूस भरणारच, आणि त्याला १९९० सालची गोष्ट ठाऊक नसणार. विकली तर तो धोका दुसऱ्याच्या घरी गेला, इतकेच.

आमच्या मंडळींनी मात्र दोन वाक्यांत निकाल लावला : “मारू नये, हे त्याला उघड सांगा. ठेवायचीच असेल तर मोडकी कशाला ठेवायची?”

मी तसेच केले. शिकार मला रुचत नाही, हे जावयांस व नातवास समोर बसवून सांगितले. आणि नवी पिन बसल्यावाचून रायफलीस काडतूस दाखवू नये, असेही बजावले. ही रायफल खोलणे हे मोठे किचकट काम. गावातील एका वृद्ध कारागिराने ती खोलली, तेव्हा आत जुनीच पिन निघाली. मी ती भिंगाखाली बराच वेळ न्याहाळली. चीर कोठेही दिसली नाही. तरीही ती बदलली.

वडिलांची आठवण म्हणून ती जुनी पिन जपून ठेवावी, असे जावयांस वाटत होते. पुढेमागे कोणी काटकसरी गृहस्थ तीच पुन्हा बसवील, या धास्तीने मी ती व्हाइसमध्ये धरून आधी वाकविली आणि मग त्यांच्या हाती दिली.