सायकलवरून मैदानावर

फ्रायबुर्ग, १४ जून

चि. बाळास,


तुझी मेल काल रात्री वाचली. कबड्डीच्या लिलावात तुझ्यावर बोली लागल्याचं दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. त्या आनंदाबद्दल आपण सविस्तर बोलूच. आज तू जे विचारलं आहेस तेवढ्याचंच उत्तर देते.

पाषाणहून बालेवाडीला सरावासाठी सायकलने गेलास म्हणून संघातली मुलं हसली. दादाचं म्हणणं, आता लोक ओळखायला लागले आहेत, मोठी गाडी घे. आणि तुझा प्रश्न, सायकल सोडू का? माझं मत विचारशील तर सोडू नकोस. पण ती हट्टाने, डोळे मिटूनही चालवू नकोस. दोन्ही का ते सांगते.

मी ज्या गावात राहते तिथल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता ख्रिस्टियान श्ट्राइख. खाटकाच्या घरात वाढलेला, इथल्याच बोलीत बोलणारा माणूस. २०११ च्या अखेरीस त्याच्याकडे संघ आला आणि २०२४ पर्यंत, म्हणजे बारा वर्षांहून जास्त, तो त्याच जागेवर राहिला. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत प्रशिक्षक सहसा इतका टिकत नाही. २०१५ साली संघ खालच्या श्रेणीत घसरला तरी क्लबने त्याला काढलं नाही. पुढच्याच वर्षी तो संघाला पुन्हा वर घेऊन आला आणि २०२२ साली जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे पेनल्टीवर हरले. हा माणूस कामाला सायकलने जायचा. घरच्या सामन्याच्या दिवशीसुद्धा. ज्या वाटेने प्रेक्षक मैदानाकडे निघालेले असत, त्याच वाटेने, त्यांच्याच गर्दीतून.

इथल्या लोकांनी याचं कधी कौतुक केल्याचं मला आठवत नाही. बाहेरगावचे पत्रकार येऊन त्यावर लिहायचे. गावकऱ्यांना त्यात लिहिण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, कारण डॉक्टर, मास्तर, महापालिकेतला कारकून सगळे तसेच कामावर जातात. २०१६ च्या पाहणीत या शहरातल्या १०० फेऱ्यांपैकी ३४ सायकलवरच्या निघाल्या आणि मोटारीच्या फक्त २१. सामन्याला जाणाऱ्या माणसांकडे पाहिलं की हे आकडे डोळ्यांना दिसतात. नवं स्टेडियम २०२१ मध्ये सुरू झालं, तिथे साडेतीन हजारांहून जास्त सायकली लावायची सोय आहे. हँडलला लाल-पांढरे मफलर बांधलेले, मागच्या सीटवर हेल्मेट घातलेलं पोर, कॅरिअरला पावसाचा कोट. हरून परतताना याच सायकलींवर सिग्नलला थांबून लोक बचावफळीला शिव्या घालतात आणि हिरवा दिवा लागला की पुढे निघतात.

आता यातली खरी गोम सांगते. श्ट्राइख भला माणूस आहे, पण तो सायकल चालवू शकला ते केवळ भलेपणामुळे नव्हे. जुनं स्टेडियम द्रायझाम नदीच्या काठी होतं आणि त्या नदीच्या कडेने सायकलींचा रस्ता आहे. मोठ्या रस्त्यांचे पूल येतात तिथे तो पुलाखालून जातो, त्यामुळे कितीतरी अंतर एकही सिग्नल लागत नाही, एकही मोटार आडवी येत नाही. स्टेशनाजवळ रुळांवरून जाणारा विविली पूल तर मोटारींना बंदच आहे. या शहराने सायकलींच्या रस्त्यांचा पहिला आराखडा १९७० च्या सुमारास केला, जुन्या गावातून मोटारी बाहेर काढल्या आणि पुढची पन्नास वर्षं ते काम चालू ठेवलं. आधी रस्ता झाला, मग सवय लागली.

तुला वाटेल, प्रशिक्षकाचं ठीक आहे, खेळाडूंचं काय? युरोपात मोठ्या क्लबांना मोटार कंपन्याच पैसा पुरवतात. बायर्न म्युनिकच्या खेळाडूंना ऑडी दर हंगामात गाड्या देते, चाव्या हातात घेऊन फोटो काढले जातात. म्हणजे गाडी हा त्यांच्या नोकरीचाच भाग. पण २०१३ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक गार्दियोला यांच्या हाताखाली इटलीत त्रेन्तिनोला शिबिर झालं, तेव्हा हेच खेळाडू हॉटेलातून मैदानावर सायकलने जात होते. अमेरिकेत बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स मायामीकडून खेळत असताना घरच्या सामन्यांना, सरावाला कितीदा तरी सायकलने गेला. त्याच्याकडे गाड्यांची काय कमी होती? पण अ‍ॅक्रनमधल्या गरीब वस्तीत लहानाचा मोठा झालेल्या या मुलाला सायकलीने पहिल्यांदा वस्तीबाहेर नेलं होतं. २०१८ मध्ये त्याच गावात त्याच्या संस्थेच्या मदतीने शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्या २४० मुलांपैकी प्रत्येकाला एक सायकल आणि एक हेल्मेट मिळालं.

आणखी एक नाव ऐकून ठेव, अँड्र्यू फेरन्स. आइस हॉकीतला बचावपटू. बॉस्टनच्या संघाबरोबर २०११ चा स्टॅन्ले कप जिंकला आणि तिथे असताना सायकलने सामन्यांना जायचा. पुढे एडमंटनचा कर्णधार झाला, तर त्या गावच्या बर्फाळ हिवाळ्यातही त्याने सायकल सोडली नाही. प्रवासाने होणाऱ्या प्रदूषणाची भरपाई करण्याच्या योजनेत त्याने पाचशेहून जास्त खेळाडूंना ओढलं होतं. त्याच्याबद्दल मला आदर आहे. तरी तू पर्यावरणासाठी सायकल चालव असं मी म्हणणार नाही. एका हंगामात तुमचा संघ जितका विमानाने फिरेल, त्यापुढे पाषाण ते बालेवाडीचं वाचलेलं पेट्रोल किस झाड की पत्ती.

माझं कारण वेगळं आहे. तू कामावर जाणारा माणूस आहेस आणि तसा दिसला पाहिजेस. कबड्डी हा गल्लीतला, तालमीतला, शाळेच्या मातीतला खेळ. आज तो मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात गेला याचा मला आनंदच आहे. पण बाणेर रस्त्यावर शाळेच्या बसमधलं पोर खिडकीतून बघतं, तेव्हा त्याला काळ्या काचांची गाडी दिसली तर ते गाडीच बघेल. सायकलवर तू दिसलास तर खेळाडू बघेल, त्याचे खांदे बघेल, आणि आपणही असं होऊ शकतो हे त्याच्या मनात येईल. जे पोर हे बघेल त्याच्या बापाकडे बहुधा सायकलच असेल.

शरीराचंही सांगते, कारण मुलं हसली त्यात ‘पाय थकतील’ हाही मुद्दा असणार. सामना संपल्यावर फुटबॉलचे खेळाडू आत जाऊन जागच्या सायकलवर हलके पाय मारत बसतात ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. तेच हलके पाय तू घरी येताना मारशील. गुडघ्यावर आदळणं नाही, सांधे गरम राहतात. मात्र गिअर हलका ठेव, कुणाशी शर्यत लावू नकोस, सीट इतकी उंच ठेव की पायडल खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला राहील. पाठीवर जड सॅक नको, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या घे. पायांचा जोरदार व्यायाम झाला असेल, कुठे दुखत असेल, सामना असेल, तर त्या दिवशी मुकाट्याने रिक्षाने जा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि आता भीतीची गोष्ट. २०१७ च्या एप्रिलमध्ये इटलीचा व्यावसायिक सायकलपटू मिकेले स्कार्पोनी आपल्याच गावाजवळ सकाळी सरावाला निघाला आणि व्हॅनच्या धडकेत गेला. त्यानंतर महिन्याभरातच, रिमिनीजवळ, मोटारसायकल शर्यतींचा माजी जगज्जेता निकी हेडन सायकलवर असताना त्याला मोटारीची धडक बसली. तोही वाचला नाही. एकाचं सगळं आयुष्य सायकलवर गेलेलं, दुसरा ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात वाढलेला. कौशल्याने माणूस वाचत असता तर हे दोघे वाचले असते. ही भीती करारांतही उतरते. अमेरिकी बास्केटबॉलच्या करारात खेळाडूला मोटारसायकल चालवायला नाव घेऊन मनाई आहे. शिकागोचा जे विल्यम्स २००३ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि विशीतच त्याचा व्यावसायिक खेळ संपला. तुझ्या करारात काय लिहिलं आहे ते वकिलाकडून वाचून घे. दादाला सांग, मी सांगितलंय म्हणून.

म्हणून दादाची काळजी मला चुकीची वाटत नाही. त्याचा उपाय तेवढा चुकीचा वाटतो. रस्ता वाईट आहे म्हणून ज्याला परवडतं त्याने मोठ्या गाडीत बसायचं, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी रस्ता आणखी वाईट करायचा. पहाटे लवकर निघ, पाषाणच्या आतल्या रस्त्याने जा, हायवेच्या सर्व्हिस रोडला मुळीच जाऊ नकोस, पुढे-मागे दिवे लाव, पावसात खड्ड्यात साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नकोस.

आणि एक काम कर, माझ्यासाठी म्हणून कर. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आहे. तो मागवून घे, त्यात बाणेर आणि बालेवाडीसाठी काय म्हटलं आहे ते वाच. मग आयुक्तांच्या नावाने एक पानाचा अर्ज लिही की बालेवाडीच्या क्रीडानगरीपर्यंत सलग, मोटारींपासून वेगळा सायकलरस्ता हवा, कारण तिथे सरावाला येणारी कितीतरी मुलंमुली अजून सायकलनेच येतात. त्यावर आधी तुझी सही कर, मग हसणाऱ्या त्या मुलांच्या सह्या घे. खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज टेबलावर आला की तो वाचला जातो. मसुदा मला पाठव, मी तपासून देते.

वहिनीला नमस्कार, आजीला साष्टांग नमस्कार.

तुझी,
आत्या