शरणपूर ते राबाई

मोंबासा हे बेट. फोर्ट जीझस, जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या, कोरीव दरवाजे, सगळं बेटावरच. त्यामुळे पर्यटकही तिथंच घुटमळतात. मी मात्र न्यालीचा पूल ओलांडून पलीकडे उतरले. मटाटू मिनीबसांचे हॉर्न, फळांच्या गाड्या, टुकटुकांची घुसाघुशी आणि या गदारोळात रस्त्याच्या कडेला एक बुटकी कमान, तीत टांगलेली घंटा. चौकाचं नाव केंगेलेनी पडलं ते या घंटेवरूनच. गुलाम पळवणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजायची, म्हणजे वस्तीतली माणसं सावध व्हायची.

वस्तीचं नाव फ्रिअरटाउन. हा फ्रिअर आपल्या ओळखीचा, 1862 ते 1867 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला आणि तिथल्या कोटाच्या भिंती पाडणारा सर बार्टल फ्रिअर. 1872 मध्ये झांझिबारच्या सुलतानाला गुलामांचा व्यापार बंद करायला लावण्याच्या वाटाघाटींवर ब्रिटिश सरकारनं त्यालाच धाडलं होतं. मग सुटलेल्या गुलामांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला. चर्च मिशनरी सोसायटीनं त्यासाठी विल्यम सॉल्टर प्राइस यांना पाठवलं, कारण हे काम त्यांनी आधी केलेलं होतं. कुठं? नाशिकला, शरणपुरात.

नाशिककर रोज ज्या शरणपूर रोडनं जातात, त्याचा हा इतिहास किती जणांना ठाऊक असेल? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, त्यांतली मुलं मुंबईला उतरवली जायची आणि काहींची रवानगी शरणपूरच्या मिशनमध्ये व्हायची. तिथं ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, बायबल वाचू लागली. लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेसाठी इथूनच काही मुलं घेऊन गेला. 1873 मध्ये तो वारल्यावर त्याचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तोही नाशिकचाच विद्यार्थी.

प्राइसनी 1875 मध्ये फ्रिअरटाउन वसवलं, तेव्हा कारागीर, शिक्षक, मुकादम म्हणून हीच मंडळी हाताशी होती. इथं त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत.

बेटावरचं मोंबासा मेमोरियल कॅथीड्रल मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. 1905 मध्ये पुरं झालेलं, पांढरं, घुमटाचं, अरबी वळणाच्या कमानींचं. क्रूस नसता तर लांबून मशीदच वाटली असती. मला ते आवडलं. समुद्रकाठच्या मुसलमानी शहरात इंग्लंडचं गॉथिक चर्च उचलून आणून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हॅनिंग्टन यांच्या स्मरणार्थ ते बांधलं गेलं. 1884 मध्ये पूर्व विषुववृत्तीय आफ्रिकेचा धर्मप्रांत निर्माण झाला आणि जेम्स हॅनिंग्टन त्याचे पहिले बिशप झाले. प्रांत केवढा, तर मोंबासापासून युगांडाच्या सरोवरांपर्यंत. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1885 मध्ये, बुगांडाच्या राजाच्या हुकुमानं बुसोगात त्यांची हत्या झाली. दुसरे बिशप पार्कर दोनेक वर्षांत व्हिक्टोरिया सरोवराकाठी आजारानं गेले. पहिले दोन्ही बिशप असे गेले, तरी प्रांत टिकला. कुणाच्या जोरावर?

त्याचं उत्तर राबाईत मिळतं. मोंबासाहून वायव्येला टेकड्यांतला रस्ता चढत जातो. नारळ, काजू, मधूनच मिजिकेंडा लोकांच्या पवित्र राया. इथं 1846 मध्ये क्राप्फ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी ठाणं मांडलं. क्राप्फची बायको आणि तान्ही मुलगी मोंबासाला आल्या वर्षीच दगावल्या होत्या. रेबमाननं 1848 मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ पाहिला, तर लंडनच्या पंडितांनी त्याला वेड्यात काढलं. इतकं सोसूनही ख्रिस्ती झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग 1864 मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आले, दोघंही शरणपुरात वाढलेले.

जुन्या चर्चशेजारच्या छोट्या संग्रहालयातल्या काकांनी मी नाशिकची म्हटल्यावर खुर्ची पुढं ओढली आणि जोन्सबद्दल बोलू लागले. हॅनिंग्टननी 1885 मध्ये जोन्स आणि सेमलर दोघांना डीकनची दीक्षा दिली आणि जोन्सना मोहिमेवर सोबत नेलं. बिशप थोडी माणसं घेऊन पुढं गेले, मोठा तांडा जोन्सच्या हवाली मागं राहिला. हत्येची बातमी आल्यावर उपासमारीनं गळालेल्या हमालांना सांभाळत जोन्स मसाई मुलखातून राबाईला परतले. तांड्यापुढं निळं निशाण होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इखाबोद', म्हणजे वैभव गेलं, असं लिहिलेलं. पुढं मालकांकडून पळालेले गुलाम राबाईच्या आसऱ्याला येऊ लागले. मालक चिडले, आणि अखेर 1 जानेवारी 1889 रोजी सुमारे चौदाशे जणांची भरपाई मोजून त्यांना मुक्त करण्यात आलं.

नंतर प्रांताच्या वाटण्या होत गेल्या, एकत्र कुटुंबाच्या जमिनीसारख्या. 1898 मध्ये युगांडा वेगळा होऊन उरलेला मोंबासाचा धर्मप्रांत झाला. 1927 मध्ये मध्य टांगानिका निघाला, 1993 मध्ये टाइटा टवेटा. आज केनियातच चाळिसाच्या आसपास अँग्लिकन धर्मप्रांत आहेत. आफ्रिकन बिशप मात्र फार उशिरा आले. फेस्टो ओलांग आणि ओबादिया कारिउकी यांना 1955 मध्ये साहाय्यक बिशप केलं गेलं, म्हणजे जोन्स-सेमलर यांच्या दीक्षेनंतर सत्तर वर्षांनी. माझ्या मते ही दिरंगाई त्या काळच्या गोऱ्या मिशनऱ्यांच्या खात्यावरच मांडायला हवी. काम करायला माणसं तयार होती. त्यांच्यावर भरवसा टाकायची तयारी नव्हती.

मोंबासाला गेलात तर किल्ला पाहून परत फिरू नका. राबाईसाठी अर्धा दिवस काढा, आणि नाशिकचे असाल तर तसं तिथं आवर्जून सांगा.