पन्नाशीतली पहिली माउंटन बाइक शर्यत : शरीराची तयारी कशी करावी?

मागच्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, मी आयुष्यातली पहिली माउंटन बाइक शर्यत पूर्ण केली. अंतर ३० किलोमीटर, एकूण चढ सुमारे ७०० मीटर, आणि वाट म्हणजे कुठे मुरूम, कुठे बैलगाडीची चाकोरी, कुठे नुसते सुटे दगड. तेव्हापासून दवाखान्यात रक्तदाब मोजून घेता घेता पेशंट विचारतात, "डॉक्टर, आम्हालाही जमेल का?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. कुणाला थोडी शुगर, कुणाला ब्लड प्रेशरची गोळी, कुणाच्या घरात हृदयविकार. प्रत्येकाला पाच मिनिटांत उत्तर देणे शक्य नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. सायकल कोणती घ्यावी, गियर किती असावेत हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी शरीराबद्दलच बोलणार आहे.

आधी हा खेळ साध्या सायकलिंगपेक्षा वेगळा का, ते समजून घेऊ. डांबरी रस्त्यावर चढ संपला की उतारावर विश्रांती मिळते. कच्च्या वाटेवर उतारालाही आराम नसतो. हँडल घट्ट धरून, कोपर-गुडघे किंचित वाकवून, सीटवरून उठून सायकल सांभाळावी लागते. स्नायू असे ताणून स्थिर ठेवले की रक्तदाब वाढतो आणि नाडीही फारशी खाली येत नाही. म्हणजे हृदयाला चढावर काम आणि उतारावरही काम. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली पिटाळायचे. तिथली एक उताराची शर्यत १९७६ पासून 'रिपॅक' नावाने प्रसिद्ध झाली, कारण एका फेरीत ब्रेकमधले ग्रीस जळून जायचे आणि हबमध्ये ते पुन्हा भरावे लागायचे. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. सायकली आता फार सुधारल्या आहेत, उतार मात्र तेच आहेत.

माझी स्वतःची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. माझे वडील ५८ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मला ६ वर्षांपासून ब्लड प्रेशर आहे, टेल्मिसार्टनची एक गोळी चालू आहे. तरुणपणी क्रिकेट सोडून काही खेळलो नाही. अशा माणसाने शर्यतीचा फॉर्म भरण्यापूर्वी काय करावे? मी माझ्या पेशंटला जे सांगितले असते तेच केले, फक्त तपासणारा दुसरा ठेवला. डॉक्टरने स्वतःचा ईसीजी स्वतः वाचू नये, कारण आपल्याला जे पाहायचे असते तेच दिसते. माझ्या एका हृदयरोगतज्ज्ञ मित्राकडे गेलो. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट, उपाशीपोटी साखर, लिपिड, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. सगळे ठीक निघाल्यावर मित्र म्हणाला, "कर, पण मला विचारून कर." घरी हिने विचारले, "आणि टेस्ट ठीक असूनही काही झाले तर?" प्रश्न रास्त होता.

स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणजे गॅरंटी कार्ड मिळाले, असा समज आहे. तसे नाही. रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली असेल तर ही टेस्ट सहसा पकडते. पण वाहिनीच्या भिंतीत थोडीशीच चरबी साठलेली असेल, रक्तप्रवाह अजून अडलेला नसेल, तर टेस्ट नॉर्मल येऊ शकते. असा छोटा साठाही अचानक फुटून त्यावर गुठळी बसू शकते. म्हणून टेस्टपेक्षाही महत्त्वाचे आहे ते चढावर शरीर काय सांगते त्याकडे लक्ष देणे. याचे एक उदाहरण देतो. (त्या गृहस्थांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझ्याबरोबर सराव करायला माझे एक पेशंट येऊ लागले. वय ४७, स्वतःचे दुकान, ९ वर्षांचा मधुमेह. त्यांचा उत्साह माझ्यापेक्षा दांडगा. तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना ते मधेच थांबले. म्हणाले, "काही नाही हो, दाढ ठणकतीय. चढाला लागलं की ठणकते, थांबलं की राहते." दातांच्या डॉक्टरांना दाखवून झाले होते. त्यांनी दाढ ठणठणीत असल्याचे सांगून फिजिशियनला भेटायला सांगितले होते. हे मात्र आमच्या दुकानदारांनी मनावर घेतले नव्हते.

श्रम केले की सुरू होणारे आणि थांबले की दोन-चार मिनिटांत जाणारे दुखणे, मग ते छातीत असो, जबड्यात, घशात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात, हृदयाचे आहे असे धरूनच चालायचे. मधुमेहात तर दुखणे होतच नाही असेही घडते. नुसता दम लागतो, नेहमीपेक्षा लवकर थकवा येतो, घाम फुटतो. आम्ही तिथूनच मागे फिरलो. सायकल हातात धरून, चालत. दुसऱ्या दिवशी त्यांची स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, अँजिओग्राफीत एक वाहिनी ९० टक्के बंद दिसली. स्टेंट टाकला.

शुद्धीवर येऊन चार गोष्टी खाल्ल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मग डिसेंबरची शर्यत?" मी नाही म्हणालो. त्यांना राग आला. "तुम्ही पळणार आणि मी बघत बसू व्हय?" हा राग मी समजू शकतो. माझ्या वडिलांना कुणी वेळेवर 'नाही' म्हणाले असते तर, असा विचार माझ्या मनात आला, पण तो मी त्यांना सांगितला नाही. त्यांना फक्त इतके सांगितले की स्टेंटनंतर व्यायाम बंद नसतो, उलट तो औषधाइतका गरजेचा असतो. पण तो हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने वाढवायचा आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना दगडांवर पडण्याचा धोका पत्करायचा नाही.

आता सरावाकडे वळू. मी १६ आठवडे ठेवले होते. यामागे कारण आहे. नियमित व्यायामाने हृदय-फुप्फुसांची क्षमता काही आठवड्यांतच वाढू लागते, दम कमी लागतो आणि माणसाला वाटते, आता आपण तयार. पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे फार सावकाश मजबूत होतात, त्यांना महिने लागतात. दम टिकतो, गुडघा टिकत नाही. नवशिक्यांची सहाव्या-आठव्या आठवड्यातली दुखणी बहुतेक अशीच असतात. पन्नाशीनंतर भरून यायलाही वेळ लागतो, म्हणून जोरकस दिवसानंतर मी दोन दिवस सोडायचो.

आठवड्यातून तीन दिवस सायकल. त्यातला एक दिवस लांब पण निवांत, सुरुवातीला तासभर, शेवटी तीन तास. एक दिवस चढ, म्हणजे चार-पाच मिनिटे जोरात, तेवढीच विश्रांती, असे चार वेळा. आणि एक दिवस मोकळ्या माळावर नुसते वळणे, ब्रेक लावणे, उताराला उतरणे. कास पठारावर जायचा मोह अनेकांना होतो. रस्त्याने जरूर जा, पण पठारावर सायकल घालू नका. तिथली माती पातळ आहे आणि फुले आपल्या चाकांसाठी नाहीत. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस घरी बैठका, प्लँक आणि दाराच्या वरच्या बारला लटकणे. या लटकण्याने हाताची पकड सुधारते, आणि लांब उतारावर सगळ्यात आधी दमते ती पकडच. दर चौथ्या आठवड्यात सराव निम्मा. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात तर फक्त पाय मोकळे करणे. त्या आठवड्यात केलेला जादा सराव उपयोगी पडत नाही, फक्त थकवा देतो.

नाडीचे गणित सगळे विचारतात. २२० मधून वय वजा करायचे हे सूत्र प्रसिद्ध आहे, त्याने माझी कमाल नाडी १६६ येते. वयाला ०.७ ने गुणून २०८ मधून वजा केले तर १७० येते. दोन्ही अंदाजच आहेत, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१५ ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. निवांत दिवशी सायकल चालवताना पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो जोरकस व्यायाम झाला. आणि तुम्ही मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी घेत असाल तर नाडी नेहमीइतकी वाढत नाही, तेव्हा आकड्यांवर अजिबात जाऊ नका.

औषधांचे आणखी थोडे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर असणाऱ्यांची साखर लांबच्या सायकलिंगमध्ये, कधी कधी त्या रात्री झोपेतही, खाली जाऊ शकते. डोस कसा बदलायचा ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि खिशात ग्लुकोज ठेवा. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका वाढतो, तेही विचारा. शर्यतीच्या सकाळी अंग दुखू नये म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणारे लोक मी पाहिले आहेत. घामाने पाणी कमी झालेले, त्यात माझ्यासारखी रक्तदाबाची गोळी आणि वर हे पेनकिलर, ही किडनीसाठी वाईट युती आहे. शर्यतीनंतर लघवी कोलासारखी काळपट झाली तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठा.

पाणी कमी पिणे वाईट, तसेच घटाघटा साधे पाणी पीत राहणेही वाईट, त्याने रक्तातले सोडियम पातळ होते. मी सरावाआधी आणि नंतर वजन केले. ७२ किलो वजनात दोन तासांत एक किलो घट व्हायची. २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे मला साधारण १.४ किलोपर्यंत, घट चालते. वजन वाढले तर आपण जास्त प्यायलो. त्या हिशोबाने तासाला अर्धा लिटर, त्यात ओआरएस. खाणे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे एक केळे आणि चिक्कीचा तुकडा. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. सकाळी अडीच तास आधी नेहमीचेच पोहे खाल्ले.

पडणार तर आहातच. हेल्मेट, हातमोजे आणि गेल्या १० वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले असावे. मळकी, खोल जखम असेल तर ५ वर्षांपूर्वीचे इंजेक्शनही पुरत नाही. खरचटले तर आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने माती पूर्ण काढा, हळद-कॉफी लावू नका. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले तर पहिला एक्स-रे नॉर्मल असला तरी दहा-चौदा दिवसांनी पुन्हा दाखवा, तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला दिसत नाही. डोके आपटून उलटी, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा डोकेदुखी सुरू झाली तर शर्यत तिथेच संपली. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दाबली जाते आहे, पकड बदला, हँडलची उंची तपासा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट फार खाली आहे. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय सरळ व्हायला हवा.

शर्यतीत मी ३ तास १२ मिनिटे घेतली. खालून सातवा आलो. २२ व्या किलोमीटरला एक तीव्र उतार होता, तो मी आधीच ठरवल्याप्रमाणे उतरून चालत पार केला. दोन तरुण पोरे "काका, बाजूला!" म्हणत गेली. त्यातला एक पुढे कॉलरबोन धरून बसलेला सापडला. त्याचा हात उपरण्याने गळ्यात बांधला, अँब्युलन्स येईपर्यंत थांबलो, तिथे १५ मिनिटे गेली.

आमचे दुकानदार २५ व्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर उभे होते. सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास सायकल चालवायची परवानगी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांनी आता दिली आहे, आणि साखरही आटोक्यात आहे. पेला हातात देताना त्यांनी विचारले, "छातीत काही नाही ना? जबड्यात?" मी नाही म्हणालो. "मग जावा पुढं," म्हणाले आणि मागच्यासाठी दुसरा पेला भरू लागले.